प्रभूच्या येण्याची तयारी म्हणजे नेमकं काय करायचं? मुलगा रात्री झोपत नाहीये

थिवीची_आई

सगळ्यांना प्रभूच्या नावाने सलाम. इथे पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर समजून घ्या.

आम्ही मूळचे कोल्हापूरकडचे, मिस्टरांच्या नोकरीमुळे १४ वर्षं गोव्यात आहोत. थिवीजवळ एक जुनं कौलारू घर घेतलंय, लोन अजून चालू आहे. रविवारी आमची छोटी मराठी मंडळी जमते, पंचवीस-तीस माणसं, घरगुतीच म्हणा.

तर झालं असं की २०२५ च्या सप्टेंबरात ते २३-२४ तारखेचे व्हिडिओ सगळीकडे फिरत होते ना, प्रभू आपल्या लोकांना उचलून न्यायला येतोय म्हणून, तेव्हापासून मिस्टर त्या विषयात फार खोल गेले. ती तारीख आली आणि गेली, मला वाटलं आता शांत होतील, पण उलटंच झालं. आता रात्री जेवण झालं की मोबाईल, कधी इस्राएलच्या बातम्या, कधी भूकंप, कधी कुणाला पडलेलं स्वप्न, बारा-एक वाजेपर्यंत हेच. आणि आता एक नवीन तारीख फिरतेय. मी ती इथे लिहीत नाही, मला ती अजून कुणाच्या डोक्यात घालायची नाहीये.

मिस्टर वाईट नाहीत हो. कसलं व्यसन नाही, कुणाशी भांडण नाही, प्रार्थनेत बसले की डोळ्यांतून पाणी येतं त्यांच्या. पण गेल्या आठवड्यात कौलं परतायला गडी आला, दरवर्षी मे मध्ये येतो, त्याला यांनी दारातूनच परत पाठवलं. म्हणाले राहू दे, पावसाळा इथे काढायचाय कुणाला. स्वयंपाकघरावरची दोन कौलं फुटलीयत, खाली उभं राहिलं की आभाळ दिसतं. मुलाची पोस्टात आरडी आहे, ती पण मोडू म्हणतायत आणि पैसे सुवार्तेच्या कामाला देऊ म्हणतायत. मी काही बोलले की म्हणतात लोटाच्या बायकोसारखं मागे वळून बघू नकोस, ती मागे बघून मिठाचा खांब झाली. यावर मी काय बोलणार.

पण मी लिहितेय ते मुलासाठी. दहा वर्षांचा आहे. गेले दोन महिने रात्री उठतो, आमच्या खोलीत येतो आणि अंधारात हात लावून बघतो, आधी माझा पाय, मग बाबांचा, आणि परत जातो. मला वाटलं स्वप्नं पडत असतील. एका रात्री मी जागीच होते, हळूच विचारलं काय रे बाळा, तर म्हणाला, बघत होतो तुम्ही दोघं आहात की मला ठेवून गेलात. परवा दुपारी मी मागच्या अंगणात वाळत घातलेले कपडे काढायला गेले, पाचेक मिनिटंच, आत आले तर हा घरभर आई आई करत पळतोय, रडून चेहरा लाल झालेला आणि चपला उलट्या पायांत घातलेल्या.

प्रभू येणार यावर माझा पूर्ण विश्वास आहे, त्यात शंका नाही. पण तयारी म्हणजे हे का? कौलं परतून घेणं हा अविश्वास आहे का? आणि मुलाला मी काय सांगू? उपदेश नको, कुणी यातून गेलं असेल तर सांगा.

वास्को_बंदर

ताई, एक गोष्ट स्पष्ट बोलतो, रागावू नका. तुमचे मिस्टर जे बघतायत ते सगळंच फेकून देण्यासारखं नाहीये. लढाया, लढायांच्या अफवा, दुष्काळ, भूकंप हे प्रभूने स्वतः सांगितलंय, मत्तय २४ काढा. नोहाच्या दिवसांतल्यासारखं होईल असं पण तिथेच आहे, खाणं-पिणं चालू, लग्नं चालू आणि पूर येऊन सगळ्यांना वाहवून नेईपर्यंत कुणाला कळलं नाही. आज कितीतरी मंडळ्यांत या विषयावर बोलणंच बंद झालंय, आशीर्वाद, यश, परदेशचा व्हिसा, एवढंच. मग माणूस उपाशी राहतो आणि मोबाईलवर जे मिळेल ते खातो. मी बंदरात रात्रपाळीला असतो, गाडी लागायची वाट बघत दोन-दोन तास बसून असतो, मी पण तेच व्हिडिओ बघायचो. म्हणून तुमच्या मिस्टरांची ओढ मला खोटी वाटत नाही.

पण तारखेच्या बाबतीत मला काही शंका नाही. मत्तय २४:३६, तो दिवस आणि ती घटका कुणालाच ठाऊक नाही, देवदूतांना नाही, पुत्रालाही नाही, फक्त पित्याला. आणि वर जाण्याआधी शिष्यांनी परत विचारलं तेव्हा प्रेषितांची कृत्ये १:७ मध्ये प्रभूने सांगून टाकलं की काळ-वेळ कळून घेणं तुमच्याकडे नाही. मग हे व्हिडिओवाले शिष्यांच्याही पुढे गेले का? आणखी एक, आपण लढाया आणि भूकंपाचं वचन वाचतो पण त्याच्याच आजूबाजूला काय आहे ते वाचत नाही. सहाव्या वचनात लढायांचं सांगता सांगताच म्हटलंय घाबरू नका, एवढ्यात शेवट नाही, आणि आठव्यात म्हटलंय की ही वेदनांची सुरुवात आहे. सगळी लक्षणं सांगताना प्रभू घाबरू नका म्हणतो आणि आपण तीच लक्षणं सांगून दहा वर्षांच्या पोराला घाबरवतोय, हे माझ्या गळ्याखाली उतरत नाही.

आरडी मोडू नका. सुवार्तेला जरूर द्या, कमाईतून द्या, पण पोराच्या नावावरचे नको.

डिचोलीचे_मास्तर

ताई, मी मराठी शाळेत ३१ वर्षं शिकवलं, आता निवृत्त आहे, मंडळीत शास्त्राभ्यास घेतो. वास्कोच्या बंधूंनी तारखेचं बरोबर सांगितलं. मी तुमच्या कौलांवर बोलतो, कारण मला वाटतं खरा प्रश्न तिथे आहे.

थेस्सलनीका या जुन्या ग्रीक शहरातल्या मंडळीत हेच झालं होतं. प्रेषित पौलाने त्यांना लिहिलेलं दुसरं पत्र काढा, अध्याय २, पहिली दोन वचनं. कुणीतरी तिथे उठवलं होतं की प्रभूचा दिवस येऊन ठेपलाय, आणि ते पौलाच्या नावावर खपवलेल्या पत्रानेही पसरत असावं, कारण पौल म्हणतो की कुणाच्या बोलण्याने, किंवा जणू आमच्याकडून आलंय अशा पत्राने, एकदम मन डळमळू देऊ नका. म्हणजे नाव दुसऱ्याचं लावून पुढे ढकललेला निरोप, तोही पहिल्याच शतकात. मग त्याच पत्राच्या तिसऱ्या अध्यायात काय दिसतं, तर काही माणसं काम सोडून बसलीत, नुसती लुडबुड करत फिरतायत. त्यांना पौलाचं उत्तर एकदम रोखठोक आहे, ज्याला काम करायला नको त्याने खायलाही बसू नये. हे वाक्य आपण आळशी पोरांना ऐकवतो, पण पौलाने ते ज्या पत्रात लिहिलं त्याचा मोठा भाग प्रभूच्या दिवसाबद्दलच आहे हे आपण विसरतो.

पुढेही हेच होत राहिलं. अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या उपदेशकाच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली होती. हजारो माणसं वाट बघत बसली, काहींनी उभं पीक शेतात तसंच सोडलं. सकाळ झाली. इतिहासात त्याला मोठी निराशा असंच नाव पडलंय. हॅरल्ड कॅम्पिंगने रेडिओवरून २१ मे २०११ सांगितली, ती गेली तर २१ ऑक्टोबर, आणि त्याआधी त्याने १९९४ पण सांगून झालं होतं. पण २०१२ मध्ये त्या म्हाताऱ्या माणसाने कबूल केलं की तारीख सांगणं हे माझं पाप होतं, आणि त्याबद्दल मला त्याच्याविषयी आदर वाटतो.

आता कौलं. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचे अध्याय २८ आणि २९ दोघांनी एकत्र बसून वाचा. लोक बाबेलला कैदेत नेलेले. हनन्या नावाचा संदेष्टा उभा राहून देवाच्या नावाने तारीख देतो, दोन वर्षांत सगळं परत येईल. लोकांना ते आवडलं असणारच, कुणाला नाही आवडणार. आणि यिर्मया कैदेतल्या लोकांना पत्र पाठवतो की घरं बांधा, त्यांत राहा, बागा लावा, त्यांची फळं खा, मुलामुलींची लग्नं करा, कारण ७० वर्षं लागणार आहेत. देवाचा खरा निरोप कोणता होता? घर बांधा हा. आणि पुढे ३२ व्या अध्यायात तर शहराला वेढा पडलाय, यिर्मया स्वतः पहारेकऱ्यांच्या अंगणात अटकेत, आणि देव त्याला सांगतो शेत विकत घे. त्याने १७ शेकेल रुपं तोलून दिलं, खरेदीखत केलं, साक्षीदार घेतले आणि ती खतं मातीच्या मडक्यात घालून ठेवली, पुष्कळ दिवस टिकावीत म्हणून. शहर पडणार हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं, तरी त्याने कागद नीट केले.

लोटाच्या बायकोचं मिस्टर म्हणतात ते वचन लूक १७:३२ चं. तिचं मन मागे सोडलेल्या सदोमात अडकलं होतं. तुमचं मन मुलाच्या डोक्यावर पाणी गळू नये यात अडकलंय. या दोन गोष्टी एक नाहीत, त्यांना माझ्या वतीने नम्रपणे सांगा.

सासष्टीकार

बाय, हांव कॅथलिक, मडगावची, मराठी माझी शाळेतली, चूक झाली तर सांभाळून घ्या.

तुमचा प्रश्न वाचला आणि मला आमची आजी आठवली. आमच्याकडे मडगावला पावसाच्या दिवसांआधी, म्हणजे पेंटेकॉस्टच्या सुमाराला होली स्पिरिट चर्चजवळ पुरुमेंताचं फेस्त भरतं, तुम्ही म्हापशाला शुक्रवारच्या बाजारात पण बघितलं असणार, मे महिन्यात सगळे काय काय भरून नेतात. पुरुमेंत म्हणजे तुमच्या मराठीत बेगमी. सुके बांगडे, सुकी सुंगटं, गोलमो, काणकोणची खोला मिरची, सोलां, चिंच, आगरातलं जाडं मीठ, गूळ, व्हिनेगर. आजी बरण्या उकळून उन्हात पालथ्या घालायची, मीठ मातीच्या भांड्यात आणि मासळीच्या थरांमध्ये पण मीठ, मग वर फडकं बांधायची. लाकडं पडवीत आत आणून रचायची. पहिला पाऊस कधी येणार हे तिला माहीत नव्हतं. वेधशाळा आता सांगते तारीख, तरी चार दिवस इकडे तिकडे होतातच. पण येणार हे माहीत होतं ना, म्हणून मे महिन्यात घाई, पण रडारड नाही. उलट तो महिना किती आनंदाचा असायचा, आंबे, फणस, सगळी भावंडं घरी.

आणि मग ज्या रात्री पहिला मोठा पाऊस यायचा, कौलांवर धाडधाड आवाज, आम्ही पोरं उठून बसायचो, आणि आजी एकदा उठून खिडकी लावायची आणि परत झोपायची. बरण्या भरलेल्या होत्या. हे मला त्या वेळी कळलं नव्हतं, आता कळतं.

आमच्या चर्चमध्ये प्रत्येक वर्षी नोव्हेंबरात हीच वाचनं असतात, शेवटाची, जागे राहा म्हणून. २ नोव्हेंबरला आम्ही सिमितेरीत जातो, फुलं घालतो, मेणबत्त्या लावतो, मग ख्रिस्त राजाचा रविवार, मग आगमनकाळ सुरू आणि त्याच्या पहिल्या रविवारी पण परत जागे राहा. मग लगेच घरात नक्षत्र करायला घ्यायचं, गोठा, नेवऱ्या, दोदोल. म्हणजे शेवटाची वाचनं आणि नाताळची तयारी एकाच महिन्यात येतात आणि मला लहानपणी त्याची भीती कधी वाटली नाही, कारण येणारा कोण तो माहीत होता. मुलाला विचारा, येणार कोण आहे? चोर येणार असं त्याच्या डोक्यात बसलं असेल तर तो कसा झोपणार.

वास्को_बंदर

चोरासारखा येईल हे वचनच आहे ना, १ थेस्सल ५:२, म्हणजे थेस्सलनीकाकरांना पौलाचं पहिलं पत्र. आपण ते गोड करून सांगायला नको असं मला वाटतं. आणि मास्तर, तुमच्या पोस्टवरून असं वाटतं की उचललं जाणं म्हणजे काही नाहीच. मी ते मानतो, १ थेस्सल ४:१७ मध्ये स्पष्ट आहे, मेघारूढ होऊन प्रभूला सामोरे होण्यासाठी घेतले जाऊ.

डिचोलीचे_मास्तर

बंधू, ते वचन मी पण मानतो, शब्दन् शब्द. फक्त त्यात सामोरे जाणे हा जो शब्द आहे त्यावर थोडं थांबू. मूळ ग्रीकमध्ये अपांतेसिस असा शब्द आहे. हाच शब्द मत्तय २५:६ मध्ये, मध्यरात्री हाक होते की वर आला, त्याला सामोऱ्या जा. आणि हाच शब्द प्रेषितांच्या कृत्यांत शेवटी, पौल रोमला येतोय कळल्यावर तिथले बंधुजन अप्पियाची पेठ आणि तीन उतारशाळा या ठिकाणांपर्यंत त्याला सामोरे गेले. सामोरे जाऊन काय केलं? त्याला घेऊन रोमला परत आले.

आपल्याला यासाठी ग्रीक शिकायची गरज नाही, आपल्याकडे सीमांतपूजन आहे. आता ते हॉलच्या दारात उरकतात, पण मी लहान असताना नवरदेव खरोखर वेशीवर थांबायचा. मुलीकडची माणसं सामोरी जायची, पाय धुवायची, ओवाळायची आणि वाजतगाजत त्याला गावात घेऊन यायची. वेशीवरून नवरदेवाबरोबर उलट दिशेला कुणी निघून गेलेलं मी पाहिलं नाही. आणि ज्या गावात नवरदेव येणार तिथली माणसं रस्ता झाडतात, अंगण सारवतात. घर गळकं ठेवत नाहीत.

विश्वासणारे आधी गुपचूप उचलले जातील आणि बाकीचे मागे राहतील, ही जी दोन टप्प्यांची मांडणी आहे ती १८३० च्या दशकात जॉन नेल्सन डार्बी या उपदेशकाच्या शिकवणीतून पसरली आणि १९०९ च्या स्कोफिल्ड यांच्या टिपांच्या बायबलमुळे घरोघर गेली. ती मानणारी देवभिरू माणसं मी पाहिलीत, त्यांना मी खोटं म्हणणार नाही, तुम्हालाही नाही. पण त्या अध्यायाचं शेवटचं वचन बघा, ४:१८. या शब्दांनी एकमेकांचं सांत्वन करा. थेस्सलनीकातल्या लोकांची माणसं मेली होती, त्यांना वाटत होतं आपले गेलेले मागेच राहतील का, आणि पौल त्यांना सांगतो की नाही, ते आधी उठतील, मग आपण सगळे एकत्र. म्हणजे कुणी मागे सुटणार नाही हे सांगायला लिहिलेला परिच्छेद आहे तो. तोच ऐकून एक मूल आईचे पाय चाचपून बघतं म्हणजे आपण तो उलटा धरून वाचला.

चोराचं पण तसंच. दुसऱ्या वचनानंतर चौथं वचन आहे, बंधूंनो, तुम्ही अंधारात नाही की त्या दिवसाने तुम्हाला चोरासारखं गाठावं.

वास्को_बंदर

चौथं वचन माझ्या लक्षात नव्हतं, मान्य. बाकीचं मी बसून वाचतो. सीमांतपूजनाचं पटलं की नाही ते आत्ता सांगत नाही, पण विचार करेन.

पणजीत_नोकरी

ताई, मी इथे सहसा लिहीत नाही. पण तुमचा मुलगा म्हणजे मीच आहे असं वाटलं म्हणून लिहितोय, आज ३४ चा आहे.

मी सातवीत असताना एका शिबिरात आम्हाला शेवटच्या दिवसांवरचा पिक्चर दाखवला. आई गायब, चुलीवर दूध उतू जातंय, असं काहीतरी. दाखवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार. पण मी पुढची चार-पाच वर्षं शाळेतून येताना गल्लीच्या तोंडाशी उभा राहून आधी घराची खिडकी उघडी आहे का ते बघायचो. एकदा घर बंद होतं, आई शेजारी पापड लाटायला गेली होती, आणि मी पायरीवर बसून पाप आठवत होतो, नेमकं कोणतं राहिलं असेल माझं, पेन चोरलेला तो का, का आजीला उलट बोललेलं. प्रत्येक शिबिरात हात वर करून परत परत प्रभूला स्वीकारायचो, आधीचं लागू झालं नसेल तर म्हणून. घरी कुणाला काही सांगितलं नाही. तुमच्या मुलाने तुम्हाला सांगितलं, ही फार मोठी गोष्ट आहे ताई, त्याला त्याबद्दल एकदा जवळ घ्या.

मला यातून बाहेर काढलं ते दहा कुमारींच्या दाखल्याने, दिवे घेऊन वराची वाट बघणाऱ्या मुलींची प्रभूने सांगितलेली गोष्ट, त्यांतल्या पाचजणींनी जादा तेल घेतलं नव्हतं. हसू नका, त्याच दाखल्याची तर मला सगळ्यात जास्त भीती वाटायची, दार बंद झालं आणि आतून आवाज आला मी तुम्हाला ओळखत नाही, ते. मी कॉलेजला असताना कोविड नव्हता काही नव्हतं, साधा ताप होता, अंथरुणात पडून मत्तय २५ वाचत होतो आणि पाचवं वचन मी आयुष्यात पहिल्यांदा वाचल्यासारखं वाचलं. वराला उशीर लागला तेव्हा त्या सगळ्यांना डुलकी आली आणि झोप लागली. सगळ्यांना! शहाण्या पाच पण झोपल्या. दहाही झोपल्या. प्रभू त्यांना झोपलात का म्हणून ओरडत नाही. झोप हा दोषच नव्हता त्या गोष्टीत. फरक एवढाच की पाचजणींच्या भांड्यात तेल होतं. म्हणजे ज्यांची तयारी होती त्या झोपू शकत होत्या, बिनघोर.

मी त्या रात्री खूप वर्षांनी सलग झोपलो. स्तोत्र ४ चं शेवटचं वचन आहे ना, मी स्वस्थपणे पडून लगेच झोपी जातो, कारण परमेश्वरा, मला निर्भय ठेवणारा तूच आहेस, ते मी तेव्हापासून रोज म्हणतो.

पुढे तेल म्हणजे काय यावर खूप वाचलं. कुणी पवित्र आत्मा म्हणतं, कुणी विश्वास, कुणी सत्कर्म. मला एवढंच दिसतं की ते एका रात्रीत उसनं मिळत नाही, म्हणून शहाण्यांनी दिलं नाही, कंजूषपणा नव्हता तो. मुलगा आजारी पडल्यावर आईने रात्र काढली हे दुसऱ्याला कसं वाटून देणार. आणि त्याच अध्यायात खाली बघा, राजा ज्यांना उजवीकडे घेतो त्यांना तो तारीख विचारत नाही, भुकेल्याला खायला दिलंत, तहानेल्याला पाणी दिलंत, आजाऱ्याला भेटायला आलात, एवढंच. आणि त्या बिचाऱ्यांना आपण हे कधी केलं ते आठवत पण नाही.

मुलाला एवढंच सांगून बघा की त्या पाचजणी झोपल्या होत्या. आणि मिस्टरांना एक विनंती, त्याच्यासमोर ते व्हिडिओ आवाज लावून बघू नका. तो झोपलेला नसतो. मी झोपलेला नसायचो.

सासष्टीकार

देव बरें करूं, भावा. रडले वाचून.

बाय, २०२१ च्या मे मध्ये तौक्ते वादळ आलं होतं तेव्हा आमच्याकडे तीन दिवस वीज नव्हती, झाडं आडवी, मोबाईल बंद. शेजारची म्हातारी एकटी, मुलं परदेशात. आमच्याकडे आजीच्या सवयीने चिमणी आणि रॉकेल होतं अजून, तिला आमच्या घरी आणून झोपवलं. पुरुमेंत फक्त आपल्यासाठी नसतं एवढंच सांगायचं होतं. कौलं घालून घ्या, कुणाला तरी आसरा लागेल.

थिवीची_आई

आठ दिवसांनी लिहितेय, माफ करा. सगळ्यांचं दोन-तीनदा वाचलं.

त्या रात्री मुलाला जवळ घेऊन दहा कुमारींची गोष्ट सांगितली. त्याला आधी माहीत होतीच, संडे स्कूलमध्ये झालीये, दार बंद होतं तिथे त्याने कानावर हात ठेवले. मी म्हटलं थांब, आपण मागे जाऊ, आणि पाचवं वचन त्यालाच मोठ्याने वाचायला लावलं. वाचून झाल्यावर विचारतो, शहाण्या पण झोपल्या? म्हटलं हो, लिहिलंय ना तिथे. मग बराच वेळ गप्प, आणि मग विचारतो, तेलाचं भांडं कुठे ठेवलं असेल त्यांनी. म्हटलं उशाशी असेल. तर म्हणे, सांडलं नसेल ना. मी म्हटलं झाकण घट्ट लावलं असेल. ते पटलं त्याला. अजून येतो रात्री, पण रोज नाही. परवा आला तेव्हा फक्त माझ्या पायाला हात लावला, बाबांकडे गेला नाही, आणि परत जाऊन झोपला.

मिस्टरांना मी काही वाचून दाखवलं नाही. मोबाईल त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं तुम्हीच वाचा, पणजीच्या भावाने लिहिलंय ते. मी भाकऱ्या करत होते. वाचून झाल्यावर बाहेर जाऊन बसले अंगणात, बराच वेळ. मला वाटलं रागावले. आत आले आणि विचारलं, तो खरंच झोपलेला नसतो का ग. एवढंच. तेव्हापासून आवाज बंद करून बघतात, बघणं थांबलेलं नाही, मी खोटं कशाला सांगू. आरडी तशीच आहे अजून. तारखेबद्दल बोलणं कमी झालंय पण त्यांच्या मनात काय चाललंय ते मला कळत नाही, तुम्ही सगळे प्रार्थना करा.

कौलांचा गडी आता दुसऱ्या कामावर लागलाय, गुरुवारी येतो म्हणालाय. फोन यांनीच केला. फुटलेली दोन धरून पंधरा नवीन लागतील म्हणतो, आणि एक वासा पण बघावा लागेल.

मास्तर, ते रोमच्या लोकांचं, पेठेपर्यंत सामोरे गेले ते, कुठल्या अध्यायात आहे? मिस्टर विचारतायत. शोधत होते, मिळालं नाही.

डिचोलीचे_मास्तर

प्रेषितांची कृत्ये २८:१५. त्यांना सांगा शेवटपर्यंत वाचा, पौलाने त्यांना पाहून देवाचे आभार मानले आणि त्याला धीर आला असं आहे.

वासा बघून घ्या, नुसती कौलं बदलून भागायचं नाही. गडी आला की कळवा.